‘ते ॲडव्हान्समध्ये’ म्हणणाऱ्या मॅडम

“ते ॲडव्हान्समध्ये येतं गं!”

आमच्या मॅडमना काहीही विचारा, हे उत्तर ठरलेलं. चौकातला पोलीस हात दाखवतो तसा हातातला ब्रश वर करायच्या आणि समोरचीचा प्रश्न तिथंच थांबवायच्या. नवरीला घाम फुटला तर काय करायचं? ते ॲडव्हान्समध्ये. तोंडावर पुटकुळ्या असल्या तर? ते ॲडव्हान्समध्ये. एकदा दुपारी मी विचारलं, “मॅडम, आज डब्यात काय?” तर तंद्रीत तेच बोलून गेल्या, आणि मग इतक्या हसल्या की काजळ ओघळून गालावर आलं.

तुमच्या गावातही असेल अशी एखादी मॅडम. नसेल तर आमच्या कर्जतला येऊन बघायला हवी होती. बाजारात पिठाच्या गिरणीच्या वर आमचं पार्लर. खाली गिरणी सुरू झाली की वर आरसे थरथरायला लागायचे आणि आयलायनर लावणारीनं तेवढा वेळ हात वर धरून उभं राहायचं. मी तिथं थ्रेडिंग करायचे, अजूनही करते. मॅडम मूळच्या खालापूरकडच्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेल्या, केसांना मेंदी. आलेल्या बाईची हनुवटी दोन बोटांत धरून तोंड उजेडाकडं वळवायच्या आणि म्हणायच्या, “कोण म्हणतं गं तुला काळी? देवानं सगळं दिलंय, फक्त झोप द्यायची विसरला.” बाई खूश होऊन जिना उतरायची आणि पुढच्या वेळी जावेला घेऊन यायची.

क्लासची कल्पनाही त्यांचीच. ‘एका दिवसात ब्रायडल मेकअप शिका, सर्टिफिकेटसह’ असा बोर्ड लागला आणि कडाव, कळंब, खालापूर, कुठून कुठून बाया यायला लागल्या. एक हॉल घ्यायचा, सकाळी सुरू करायचं, मध्ये पुलाव, आणि संध्याकाळी गळ्यात पट्टा घालून सर्टिफिकेटसह फोटो. मेकअपसाठी तोंड माझंच. दुपारपर्यंत माझ्यावर दोन-तीन नवऱ्या चढून उतरलेल्या असायच्या. घरी गेले की नवरा दारातच विचारायचा, “आज कितवं लग्न?”

आता मला विचाराल, एका दिवसात काय येतं हो? पावडरचा पफ कुठल्या बाजूनं धरायचा, एवढं येतं. मॅडम स्वतः खोपोलीला एका बाईंच्या पार्लरात केस झाडत, टॉवेल धूत, वर्षानुवर्षं बघून बघून शिकल्या होत्या. मी एकदा तोंडावर म्हटलंही, “तुम्हाला एवढी वर्षं लागली, आणि या पोरींना संध्याकाळच्या आत?”

“अगं शहाणे,” त्या म्हणाल्या, “सासू एक दिवस सोडते. सहा महिने कोण सोडतंय? नसण्यापेक्षा बरं.”

यातलं काही खोटं नव्हतं. “बरं, मग ॲडव्हान्सचा क्लास कधी घ्यायचा?” असं विचारलं तर म्हणाल्या, “घेऊ गं, घेऊ.” तो क्लास कधी झालाच नाही. तो व्हायचा आहे असं मॅडमना मनापासून वाटायचं, हे मात्र मी शपथेवर सांगेन.

एका क्लासला कडावची एक पोरगी आली. घरी म्हशी, दुधाचा धंदा. पहाटे धारा काढून, दूध घालून ती पहिल्या रांगेत येऊन बसली होती. केसांना अजून गोठ्याचा वास होता आणि त्याची तिला लाजही नव्हती. जेवताना मला म्हणाली, “ताई, आमच्या ओटीवरच्या खोलीत पार्लर टाकणार हाय मी. आरसा पण घेतलाय. बा म्हणतो, म्हशी तुझ्याकडं बघून दूध आटवतील.” आणि खळखळून हसली.

संध्याकाळी सर्टिफिकेटं वाटायची वेळ झाली. फोटोवाला घाई करत होता, बाया पदर नीट करत होत्या. तेवढ्यात या पोरीनं हात वर केला. “मॅडम, एक राहिलं. आमच्याकडं आदल्या रातीला हळद असती. नवरीचं तोंड नुसतं पिवळंधम्मक. सकाळी त्याच्यावर ब्लीच केला तर चालंल का? लाल तर नाय ना व्हनार?”

मॅडमनी ब्रश वर केला. “ते ॲडव्हान्समध्ये येतं गं!”

सगळा हॉल हसला. मीही हसले. पोरगीसुद्धा हसली आणि पट्टा घालून फोटोला उभी राहिली.

त्याच उन्हाळ्यात तिच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं आणि घरचं काम म्हणून तिलाच मिळालं. तिचं हे पहिलंच. आमच्याकडची हळद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मांडवात डीजे, आणि नवरीला हळद लावायला आख्खी आळी. सकाळी नवरीच्या आईनं पोरीचा हात धरला. “फोटोत पोर कावीळ झाल्यावानी दिसंल गं. काय तरी लाव, पन पिवळं घालव.”

पोरीनं ब्लीच लावला. कातडीत मुरलेली हळद क्रीमखाली लाल होत गेली. ती घाबरली, साबणानं तोंड धुतलं, तर आणखी लाल. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि पाण्यानं हळूहळू जातो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ते कपड्याचं. समोर बहिणीचं तोंड होतं, बाहेर वाजंत्री आली होती, बायका ओरडत होत्या. तिला वाटलं, भाजलं. म्हणून चोळलं, पुन्हा साबण लावला, पुन्हा चोळलं. मग एका गालाचं सालपट निघालं आणि खरंच भाजल्यासारखं झालं. नवरी मुंडावळ्यांच्या आड रुमाल धरून बोहल्यावर उभी राहिली.

बातमी दुधाबरोबर कर्जतला आली. मॅडम तेव्हा कुणाच्या तरी केसांना डाय लावत होत्या. ते काम त्यांनी पुरं केलं, बाईला जिन्यापर्यंत पोचवलं आणि मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत मी त्यांना कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

मला त्यांची बाजू घ्यायची होती, म्हणून मी फणकाऱ्यानं म्हटलं, “पोरीला स्वतःची अक्कल नको? हळद लाल होते हे ठाऊक नव्हतं तिला?”

“ठाऊक होतं,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून तर तिनं विचारलं.”

खाली गिरणी सुरू झाली आणि आरसे थरथरायला लागले.

बोर्ड त्याच दिवशी उतरला. मग मॅडमनी जुन्या विद्यार्थिनींना फोन लावायला सुरुवात केली. सगळ्यांना एकच सांगायचं, “हळद लागलेल्या तोंडाला ब्लीच नको, साबण नको. खोबरेल तेलाचा बोळा घे, हळूहळू पूस. राहिलं पिवळं तर राहू दे, आणि लाल झालं तर चोळू नको गं बाई.” पलीकडून निम्म्या जणी हसायच्या. एक म्हणाली, “मॅडम, आम्ही कुठं कुणाला मेकअप केला? सर्टिफिकेट टीव्हीच्या वर लावलंय, येणारा-जाणारा बघतो.” कळंबची एक बाई मात्र म्हणाली, “त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला कुणी भाकरी मागितली नाय. पुन्हा कधी हाय क्लास?” फोन ठेवल्यावर मॅडम हसता हसता रडल्या. मला म्हणाल्या, “बघ, तेवढं तरी दिलं मी. पण ते शिकवणं नव्हतं गं, ती सुट्टी होती.”

कडावला जायचं त्या टाळत होत्या. आज गुडघा दुखतोय, उद्या गिऱ्हाईक आहे. शेवटी मीच त्यांना टमटममध्ये घातलं. पोरगी घरी नव्हती, कळंबला एका रिसॉर्टवर चादरी बदलायच्या कामाला जात होती. आम्ही तिच्या ओटीवर बसून राहिलो. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत भिंतीवर मोठा आरसा आणि त्याच्यापुढं पेंडीची पोती रचलेली. वरचा काठ तेवढा दिसत होता. मॅडमची नजर तिथून हलेना.

पोरगी आली, आम्हाला बघून दचकली, मग पदराला हात पुसत चहा टाकायला गेली. गावात तिला कुणी नखाला रंग लावायलाही बोलवत नव्हतं, हे तिच्या आईनं दबक्या आवाजात सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “चल माझ्याकडं. लागतील तेवढे महिने दर सोमवारी ये. मला येतं ते सगळं शिकवते.”

“बघू मॅडम,” ती म्हणाली. इतक्या मायेनं म्हणाली की ती येणार नाही हे मला तिथंच कळलं. मॅडमना कळलं नाही. दर सोमवारी त्या जिन्याकडं कान लावून बसायच्या.

ते मॅडमचं कर्जतमधलं शेवटचं वर्ष. गुडघे गेले होते, मुलगी नाशिकला बोलवत होती. “एवढं एक मार्गी लागू दे,” असं म्हणत त्या दिवस पुढं ढकलत होत्या. आणि कडावच्या पोरीचं लग्न ठरलं. आमंत्रण आलं. मॅडमना वाटलं, देवानंच वाट काढली. नव्या कोऱ्या वस्तू आणून त्यांनी मेकअपची पेटी भरली, खोबरेल तेलाची बाटली सगळ्यात वर ठेवली. टमटममध्ये ती पेटी मांडीवर घेऊन बसल्या. मी मागितली तर देईनात.

लग्न दुपारचं होतं. आतल्या खोलीत पोरगी पाटावर बसलेली, तोंड पिवळंधम्मक, केस ओले. मॅडम तिच्यापुढं गुडघे मोडून बसल्या. मला ऐकवत नव्हतं त्यांचं कण्हणं. “आज मी तुझा हात धरून करते बघ,” त्या म्हणाल्या. “आधी तेल, मग...”

पोरीनं त्यांचा हात धरला. “नको मॅडम. मी अशीच जाते.”

“अगं, अशी पिवळी?”

“ती आलीय मांडवात,” पोरगी म्हणाली. कोण ते विचारायची गरज नव्हती. “तिच्या तोंडाचं मी वाटोळं केलं आन् तिच्याच पुढं नटून उभी राहू? माझ्यानं नाय व्हनार.”

“चूक माझी होती गं. तू विचारलं होतंस मला.”

“विचारलं व्हतं. पन हात माझाच व्हता ना, मॅडम?”

मॅडमनी पेटीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. “मग मी काय करू?” त्यांनी विचारलं. एवढ्या बोलक्या बाईचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“जेवून जा,” पोरगी म्हणाली. “इतक्या लांबून आलाव.”

ती तशीच बोहल्यावर गेली. पिवळं तोंड, कपाळाला मळवट, मुंडावळ्या, बस्स. बायका कुजबुजल्या, फोटोवाल्यानं कपाळाला आठ्या घातल्या. अक्षता टाकताना मॅडम नुसत्या तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि निम्म्या तांदळांचा सडा आमच्याच पायाशी पडला.

मग आम्ही पंगतीला बसलो. मॅडमनी पेटी मांडीशी ओढून घेतली होती. बुंदी वाढायला एक पोरगी आली. गळ्यात काळे मणी, केसांत अबोलीचा गजरा, आणि डाव्या गालावर डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत काळपट डाग. वरून पावडर लावलेली होती, त्यानं तो झाकला नव्हता. मॅडमनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण सांगायची गरज पडली नाही. त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. त्यांना साखरेचा आजार होता, गोड वर्ज्य होतं. हात त्यासाठी नव्हते धरलेले.

त्या पोरीला मॅडम कोण हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला वाटलं, बाई लाजतायत. ती पुढ्यात वाकली आणि हसून म्हणाली, “घ्या वो मावशी, लाजताव काय? आमच्या घरचं लगीन हाय. तुमी नाय खाल्ली तर मला वाईट वाटंल.”

मॅडमचे हात हळूच बाजूला झाले. तिनं बुंदी वाढली आणि ‘अजून घ्या’ म्हणत वर आणखी वाढली. मॅडमनी मान वर केली नाही. एकेक घास घेत त्यांनी ती सगळी बुंदी संपवली, शेवटचा दाणासुद्धा बोटानं टिपून. पंगतीच्या टोकाला पोचलेली ती पोरगी मागं वळून बघत होती. पान रिकामं दिसल्यावर तिला इतका आनंद झाला की भांडं घेऊन ती पुन्हा आमच्याकडं आली.