मोटारीखालच्या पट्ट्या

कसबा बावड्यात रविवारी नवरा-बायकोनं जोडीनं करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत : मटण आणायचं, पाहुण्यांकडं जायचं आणि दोन्हीवरून भांडायचं. त्यामुळं दसऱ्यानंतरच्या एका रविवारी बाबासो आणि अंजना बोटीत बसून पंचगंगेत फिरताना दिसले, तेव्हा गल्लीनं तोंडात बोटं घातली. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. बाबासोच्या डोक्यावर केस उरले होते ते नुसते हजेरी लावायला, आणि अंजना अशी भरभक्कम, की ती रिक्षात बसली की रिक्षावाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला हात करायच्या भानगडीत पडत नसे.

"अंजे, काश्मीरला निघालीस व्हय गं?" शेजारची बायडाबाई शिलाई मशीनवरची मान वर काढून ओरडायची.

"व्हय की! तू बस ब्लाऊज टाचत. येताना बरफ आणते तुला!"

दोघं फिरायला जात नव्हती, हे गल्लीला ठाऊक होतं. पण ठाऊक आहे तेच बोलण्यात काय गंमत?

खरी गोष्ट अशी. एकवीसच्या महापुरात गल्लीतल्या तरुण मंडळाची बोट माणसं आणायला गेली आणि बुडालेल्या उसावरून जाताना मोटारीच्या पंख्यात कुंपणाची तार गुंडाळली गेली. बोटीत बाबासो आणि त्याचा पैलवान दोस्त पिराजी. समोरच्या छपरावरून माणसं हाका मारतायत आणि हे दोघं गढूळ पाण्यात हात घालून तार सोडवतायत. शेवटी दुसरी बोट आली म्हणून ती माणसं वाचली. पण त्या हाका काही बाबासोच्या कानातनं गेल्या नाहीत. शिरोली एमआयडीसीत फिटर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस तो. तारेनं आपल्याला हरवलं, हे त्याला पचेना. मंडळाच्या मागं लागून लागून त्यानं पंखा नसलेली मोटार आणवली. ती खालच्या जाळीतनं पाणी पोटात ओढते आणि मागनं जोरात फेकते. त्या धक्क्यानं बोट पळते. बाहेर फिरणारं काही नाही, म्हणजे तार गुंडाळायलाही काही नाही.

पण मोटार मोठी लाडावलेली. बोटीच्या मागच्या फळीवर ती नेमक्या उंचीला टांगावी लागते. पाणी ओढायचं तोंड बोटीच्या तळाच्या रेषेत पाहिजे. जरा वर राहिलं की मोटार हवा गिळते, नुसती किंचाळते, बोट जागची हलत नाही. जरा खाली गेलं की पाण्यात रुतते, बोटीचं नाक आभाळात आणि मागच्या माणसाला आंघोळ. आणि हे सगळं ठरतं पुढं किती वजन बसलंय त्यावर. पुरात पुढं बांबू घेऊन पिराजी बसणार, तेव्हा मोटार पिराजीच्या वजनाला लावायची, असं ठरलं.

पण पिराजीच्या गोठ्यात म्हशी. सकाळी तो मोकळा कुठला? म्हणून अंजना. कारण त्याआधीच्या हंगामात एका गुऱ्हाळावर चेष्टेचेष्टेत गुळाच्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात पिराजी आणि दुसऱ्यात अंजना बसली होती, आणि काटा मधोमध उभा राहिला होता. सगळं गुऱ्हाळ हसून लोळलं. पिराजी लाजून लाल झाला. अंजना कसली लाजतेय? "बघून ठेवा पावणं, पैलवानाच्या बरोबरीची बाई हाय मी!" म्हणत तिनं वर काकवीही मागून घेतली.

बाईला पोहता येत नव्हतं. पाण्याची भीती एवढी, की बोटीच्या दोन्ही कडा धरून ती पुढं तोंड करून बसायची आणि मागं बघायची नाही. पहिल्या रविवारी बाबासोनं मोटार नुसती फळीवर टांगली, दोरी ओढली, आणि बोट अशी सुटली की अंजनाची किंकाळी राजाराम बंधाऱ्यावर ऐकू गेली.

"आवो, हळू! माझा विमा उतरवलाय काय?"

बाबासो त्या दिवशी घरी आला तो फेटा बांधल्यासारखा. मोटार बसली, म्हणाला.

पण कुठली बसतेय! पुढं दोन रविवार गेले आणि बोटीचं नाक जरासं वर यायला लागलं. मोटार रुतत होती. त्यानं फणसाच्या लाकडाची एक पातळ पट्टी तासली, मोटारीखाली सरकवली, मोटार तेवढी वर चढली. बोट पुन्हा झकास. दिवाळी झाली आणि पुन्हा नाक वर. दुसरी पट्टी. मग तिसरी.

"परत रुततीया बघ. मागच्या खेपंला एवढी चांगली चाललीती."

"मग घाला की आणि एक पट्टी."

"अगं पर का? कायतरी बिघडलंय तिच्यात."

"मग दाखवा कुणाला तरी," अंजना पुढं बघतच म्हणाली. "बिचारी आजारी आसंल."

बाबासोनं खरंच दाखवली. रजा टाकून, मोटार टेम्पोत घालून तो पार मालवणला एका जुन्या मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं मोटार खोलली, पुसली, पुन्हा बसवली. "मशीनीक काय एक झाला नाय. बोटीत माणसां तीच मां?"

"तीच की. मी मागं, बायको पुढं."

"मगे फळी बघ."

बाबासोनं येऊन फळी बघितली. ठोकून बघितली, हात फिरवून बघितली. फळीत काही नव्हतं. मग त्यानं चौथी पट्टी केली. ती सरकवताना मोटार उचलून धरायला अंजनानं हात लावला, आणि तिच्या हातातनं मोटार निसटली. "जेवत न्हाईस काय गं?" तो हसून म्हणाला. "तुमच्या मोटारीपायी जेवायला येळ कुठाय?" तीही हसली.

जानेवारीत ती विहारात वंदनेला उभी राहिली आणि मटकन खाली बसली. राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय यांचं?"

"हिचं वजन?" बाबासो म्हणाला. "न्हाय बा. गुऱ्हाळातल्या काट्यावर पिराजीच्या बरोबरीची हाय ती."

डॉक्टरांना गुऱ्हाळही कळलं नाही आणि पिराजीही. दुखणं पोटात होतं आणि फार पुढं गेलं होतं. फेब्रुवारी सरता सरता अंजना गेली. पुण्यानुमोदनाला अख्खी गल्ली विहारात बसली. एरवी कुणाच्या दुःखातही एखादी चेष्टा शोधून काढणारी ही माणसं. पण त्या दिवशी कुणाला काही सुचेना. सुचणारी फोटोत होती.

मे महिन्यात मंडळाच्या पोरांनी बोटीचा विषय काढला. पावसाच्या आधी पाण्यात घालून बघायला हवी. बाबासो म्हणाला, "मोटार लावलीया. कुणी हात लावायचा न्हाय." दुसऱ्यांदा विचारलं तर अंगावर धावून गेला. चौथी पट्टी बसवताना तिथं तिचा हात लागला होता, शेवटचा; तिथं पाना लावायचा म्हणजे काय, हे पोरांना कसं सांगणार?

शेवटी पिराजी आला. "हात लावायचा न्हाय तर न्हाय. नुसती फिरवून तरी आणू. पूर काय तुला इचारून येणार हाय?"

रविवारी म्हशी पोराच्या गळ्यात मारून पिराजी बोटीत पुढं जाऊन बसला. बाबासोनं दोरी ओढली. मोटार किंचाळायला लागली. बोट जागची हलेना. वेग वाढवला तशी किंचाळी वाढली, पाणी काही ओढलं जाईना.

"हवा खातीया रं!" पिराजी ओरडला. "लई वर चढीवलीयास. काढ एक पट्टी."

बाबासोनं बोट काठाला घेतली. मग त्यानं पाना लावला आणि चौथी पट्टी काढली. पुन्हा पाण्यात. पुन्हा किंचाळी. तिसरी काढली. बोट थोडी पुढं सरकून थांबली. दुसरी काढताना त्याचा पाना घसरला, हाताचं बोट सोललं. ते त्यानं बघितलंही नाही.

"पिराजी," त्यानं विचारलं, "वजन केलंयस काय अलीकडं?"

"डेअरीच्या काट्यावर करतोय की अधनंमधनं. गुऱ्हाळात होतो तेवढाच हाय. का रं?"

बाबासोनं पहिली पट्टीही काढली. मोटार नुसत्या फळीवर बसली, जशी दसऱ्यानंतरच्या त्या पहिल्या रविवारी बसली होती. त्यानं दोरी ओढली आणि बोट सुटली. अगदी तशीच, नाक सरळ, तळ पाण्यावर घासत.

"आरं पळतीया की!" पिराजी दोन्ही हात वर करून ओरडला.

बाबासोनं नदीच्या मधोमध मोटार बंद केली. चारी पट्ट्या त्याच्या मांडीवर होत्या. त्यानं त्या एकावर एक रचल्या आणि अंगठ्यानं त्यांची जाडी चाचपली. मोटारीला काही झालं नव्हतं. मिस्त्री बरोबर सांगत होता. फळीही तीच, पाणीही तेच. इतके रविवार तो तिच्या पाठीमागं बसला होता, ती पाठ त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि तो बघत होता बोटीच्या कडेची पाण्याची रेषा. बायको झिजत होती, ते त्याच्या हाताला कळलं होतं. केसभर कमी झालं तरी कळत होतं. त्यानं दरवेळी पट्टी तासली होती.

"काय झालं रं?" पिराजी मागं वळला आणि मग पुन्हा पुढं तोंड करून बसला. बोट वाहत वाहत काठाला लागेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

पट्ट्या हातात घेऊन बाबासो गल्लीत शिरला. बायडाबाईचं मशीन थांबलं.

"बायडाआक्का," तो दारात उभा राहून म्हणाला, "ती झिजतीया, तुला म्हाईत होतं?"

बाई उठलीही नाही. पदराचं टोक तोंडाशी नेऊन म्हणाली, "शपथ घातलीती रं मला. दिवाळीपासनं तिचं ब्लाऊज मीच टाचून देत होते. एक टाचलं की महिन्यात परत ढिलं. म्हटलं, अंजे, नवऱ्याला सांग, दवाखान्यात जा. तर म्हणायची, त्यांची मोटार तेवढी बसू दे. त्या छपरावरच्या हाकांनी अजून झोपंत दचकत्यात गं. आता मी माझं रडगाणं काढलं तर मोटार टाकून माझ्याच उशाला बसतील. मोटार बसली की दुसऱ्या दिवशी जाते."

बाबासोनं चारी पट्ट्या उंबऱ्यावर ठेवल्या. सोललेल्या बोटाचं रक्त पट्टीवर उतरलं होतं.

"बसली गं आक्का," तो म्हणाला. "आज बसली."