कोपराखालच्या किल्ल्या

माझा थोरला भाऊ स्नूकर शिकवतो. टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे, तिथे खिडकीजवळचं टेबल त्याचं. हॉलमध्ये त्याला किल्लीमास्तर म्हणतात. नवा शिकणारा आला की दादा त्याच्या हाताला किल्ल्यांचा जुडगा बांधायचा आणि म्हणायचा, खेळ, पण आवाज नको. क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरलेला हात संथ गेला तर किल्ल्या गप्प राहायच्या. जरा हिसका बसला की वाजायच्या. भलेभले आठवडाभर वाजत राहायचे आणि बाजूच्या टेबलावरचे लोक विचारायचे, कोणाचं घर उघडताय?

ही युक्ती दादाला घरी सुचली, जेवणाच्या टेबलाशी. त्याने वहिनीच्या हातात फरशी पुसायची दांडी दिली, वाकून उभं राहायला सांगितलं आणि घराच्याच किल्ल्या तिच्या हाताला बांधल्या. कुकरच्या वाफेने तिचं कोपर भाजलं होतं, म्हणून कोपराच्या चार बोटं खाली बांधल्या. वहिनी दांडी हलवत म्हणाली होती, भाजी करपली तर हीच दांडी तुमच्या पाठीत घालीन. पुढे दादा सगळ्यांनाच किल्ल्या चार बोटं खाली बांधू लागला. कोपर न भाजलेल्यांनासुद्धा. त्याचा हात तिथेच बसला होता आणि जागा बदलून पाहावी असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. हे सगळं मी दोघांच्या तोंडून ऐकलेलं. तेव्हा घरात ती दोघंच होती.

नंतर वहिनीच्या भावाचा मुलगा त्यांच्याकडे शिकायला राहिला. कॉलेजपेक्षा हॉलमध्येच जास्त रमला. दादाने त्याला हाताला धरून तयार केलं, वहिनीने चार वर्षं गरम वाढलं. तो चांगला खेळू लागला, मग शिकवूही लागला. त्याने स्वतःची काचेच्या दारांची अकादमी काढली. किल्ल्यांच्या जागी मण्यांचा छानसा पट्टा आला आणि पद्धतीला नाव मिळालं, ‘मूक हात’. त्याने नेटवर टाकलेल्या व्हिडिओत दादाचा उल्लेख नव्हता. दादा म्हणाला, राहिलं असेल, घरचाच पोरगा आहे. मग स्नूकर संघटनेकडून हॉलच्या मालकाला पत्र आलं, की ही पद्धत भाच्याच्या नावावर नोंदवायची आहे आणि त्याच्याकडून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय कोणी ती शिकवू नये.

दादाने त्याला फोन केला. भाचा अगदी गोड बोलला. म्हणाला, “काका, किल्ल्या सगळ्यांकडे असतात. पद्धत मी बसवली.”

संघटनेने दोघांना बोलावलं. दादाबरोबर वहिनी आणि मी गेलो. भाच्याबरोबर त्याचे वडील होते. भाच्याने पडद्यावर हाताचं चित्र दाखवलं आणि कोपराच्या चार बोटं खाली लाल ठिपका दाखवून सांगितलं, की हाताचा तोल नेमका इथे असतो, बऱ्याच अभ्यासानंतर आपण ही जागा शोधली. दादा हसायलाच लागला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झाला होता. अध्यक्षांना म्हणाला, ही जागा कशी सापडली ते माझ्या बायकोला विचारा.

सगळे वहिनीकडे बघू लागले. ती समोर बसलेल्या भावाकडे बघत होती.

“मला त्या खेळातलं काही कळत नाही,” ती म्हणाली.

अध्यक्ष समजूतदार होते. ते म्हणाले, खेळाचं राहू द्या, तुमचं कोपर भाजलं होतं का, एवढंच सांगा. वहिनीने बाही खाली ओढली.

“स्वयंपाकघरात बाई भाजतच असते. कधी, कुठे, कोण लक्षात ठेवतं?”

दादाने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. टेबलावरची बिस्किटांची बशी उगाच सरळ केली. पुढे त्याला आणखी काही सांगायचंय का असं विचारलं, तेव्हा त्याने नुसती मान हलवली. नोंद भाच्याच्या नावावर झाली. बाहेर पडताना भाचा दादाच्या पाया पडायला वाकला आणि दादाने, सवयच ती, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर वहिनीने दूध तापायला ठेवलं आणि गॅसकडे तोंड करूनच बोलली. भावाने आदल्या दिवशी बजावलं होतं, तू तोंड उघडलंस तर आमच्या घराची पायरी चढू नकोस. “मला माहेर एकच आहे,” ती म्हणाली.

“आणि नवरे किती आहेत?” दादाने विचारलं. टेबलावर लाल चेंडू किती उरले असं एखाद्या शिकणाऱ्याला विचारावं, तसं.

दूध उतू गेलं, ते मी पुसलं.

दादा अजून हॉलमध्ये जातो. किल्ल्या बांधत नाही, शिकणाऱ्याच्या हाताशी वाकून उभा राहतो आणि हिसका बसला की जिभेने टक् करतो. शिकणाऱ्यांना ते आवडत नाही. काहीजण काचेच्या दारांच्या अकादमीत गेले. पूर्वी तो जेवताना वाट्या-चमचे मांडून दिवसभराचा खेळ वहिनीला सांगायचा. ती म्हणायची, आधी जेवा, आमटी गार होतेय, आणि तरी पुढे काय झालं ते विचारायची. आता तो मुकाट जेवतो. खेळाचं सगळं मला फोनवर सांगतो, तेही हॉलच्या जिन्यात उभा राहून.

काल वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तिने विचारलं, सध्या खिडकीजवळच्या टेबलावर कोण शिकतं? मी म्हटलं, दोन्ही वेळा तुझ्यासमोर जेवायला बसतो, त्याला विचार.

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “उठून हात धुवायला गेले.”