रेडिओ वर की खाली?

टॉवरचं काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप अंगावर पडतात! जळगाव-धुळे पट्ट्यात आमची इंटरनेटच्या टॉवरची गँग. मी, टॉवरवर चढणारे भिकन नाना आणि हुकूम सोडणारे आमचे साहेब. वाद एकच. अँटेना तर वरच असते, पण तिला जोडलेला रेडिओ, म्हणजे सिग्नल पाठवणारं यंत्र, वर तिच्याजवळ लावायचा, की खाली पायथ्याच्या पेटीत?

साहेब सोमवारी म्हणतात, "वर! केबल लांब झाली की सिग्नल वाटेतच गळतो." पटतं बुवा. गुरुवारी म्हणतात, "खाली! बिघडला की दर वेळी कोण चढणार?" तेही पटतं! अमळनेरला एकच रेडिओ नानांनी तीनदा वर-खाली केला. शेवटी वैतागून आपल्या अहिराणीत म्हणाले, "साहेब, आते त्यालेच इचारा, तुले कोठे र्‍हावानं शे?"

*

पिंप्राळ्यात एका अक्कांच्या अंगणात टॉवर आहे. रेडिओ खाली आणला तर अक्का भडकल्या, "हे मशीन खाली आल्यापासून माझं डोकं ठणकतंय!" वर नेला. दुसऱ्या दिवशी फोन, "वर कशाला नेलात? डोक्यात पडला म्हणजे?"

"मग ठेवू कुठे, अक्का?"

"शेजारच्यांकडे!"

*

नानांचा नियम म्हणजे जिथं मशीन, तिथं नारळ. रेडिओ वर, तर नारळही वरच फोडायचा. एकदा करवंटी थेट साहेबांच्या गाडीच्या काचेवर! त्याच दिवशी हुकूम निघाला, सगळे रेडिओ खाली.

धुळ्याला पहिला खाली आणला. नानांनी पेटीच्या कडेवरच नारळ फोडला. पाणी आत, रेडिओ बंद! साहेबांनी पेटीत बोट फिरवून पाहिलं. "बघा, खाली ठेवला की ओल धरतो. न्या वर!" नाना माझ्याकडे बघेनात. चुकून झालं की मुद्दाम, मला आजही कळलेलं नाही.

*

संशयाला कारण होतं. रेडिओ खाली आले की नानांचं चढणं बंद. पंचवीस वर्षं चढलेला माणूस. गुडघे कुरकुरतात, घरी काकू रोज म्हणतात, "बस झालं आता!" एकदा चहा पिताना नाना मला म्हणाले, "भाऊ, खाले माले काहीच येत नही. मी काय करसू?"

गुडघ्यांसाठी खाली बरं, नानांसाठी वर बरं. आणि गुडघे तर नानांचेच!

*

शेवटी वरच्या ऑफिसचं पत्रच आलं, सगळे रेडिओ कायमचे खाली. धुळ्याचा शेवटचा रेडिओ नानांनीच मुकाट्यानं उतरवला. साहेबांनी त्यांना कामावरून काढलं नाही, पेटीशेजारी खुर्ची दिली. "बसा नाना, आता आराम!"

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची रिकामी. सगळीकडे शोधलं. साहेबांनी सहज मान वर केली, तर टॉवरच्या टोकाला नाना, बेल्ट लावून निवांत बसलेले!

साहेब ओरडले, "अहो नाना, रेडिओ खाली आणलाय ना?"

वरून आवाज आला, "तो खालेच शे साहेब! मी वर शे!"