पाण्याचा आकडा हलेना

मंडळी, ही मेल बॉयलरजवळूनच टाइप करतोय.

आज खंडेनवमी. भवानीनगरजवळच्या आमच्या साखर कारखान्यात, चाचणीसाठी बॉयलर पेटलेला असतानाच मशीनची पूजा झाली. बॉयलरचा पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, पाण्याची पातळी केबलवरून माझ्या पीएलसीला कळवतो, मग माझा पीएलसी पंप चालवतो.

पडद्यावर साठ टक्के. पाणी आहे, असं बॉयलरवरच्या आबांना सांगितलं. प्रसाद खाऊन आलो, तरी साठच. उकळतं पाणी इतकं गप्प बसतं? बॉयलरकडं पळालो. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी पार तळाला!

"आबा, बगॅस बंद करा, चिपाडाचा जाळ थांबवा!"

आबा गोंधळले. "आरं, आत्ताच तर पाणी हाय म्हणलास!"

"तो आकडा मघाचा हाय!"

पॅनेलला बांधलेल्या झेंडूच्या हाराच्या ओढीनं केबल निसटली होती. शेवटचा आकडा तसाच राहिला, म्हणून माझ्या पीएलसीनं पंप चालवलाच नव्हता.

वाचलो; कोरडा पडला असता तर बॉयलर फुटला असता. आबा अजून काचेसमोरून उठले नाहीत.

तुमच्या पडद्यावरचा आकडा आत्ताचा आहे, की मघाचा?