हुंकाराविना गोष्ट

लीड्सच्या विद्यापीठातून वीस दिवसांसाठी घरी आलेल्या आदिनाथला वडिलांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती : आपली मेंढरे कुठे गेली? फोनवर विचारले की खंडेराव म्हणत, "समोर बसल्यावर सांगतो." आता समोर बसून सोळा दिवस झाले होते आणि गोष्ट जागची हलत नव्हती.

रोज दुपारी असेच होई. रखवालीची रात्रपाळी करून झोपलेले खंडेराव उठत, चूळ भरत, शहरातल्या मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसत. "औंदा आपण कन्नडच्या घाटाखाली उतरलो व्हतो..." दोन वाक्ये होत न होत तोच ते थांबत, लेकाच्या तोंडाकडे पाहत. आदिनाथ मान स्थिर ठेवून, डोळ्यांत डोळे घालून, अगदी मन लावून ऐकत असे.

"जाऊ दे," खंडेराव तळहातावर तंबाखू घेत म्हणत. "दमला असशील तू."

दमला तर तो होताच. वर्षभर उसन्या तोंडाने बोलून दमला होता. जिभेचा ठसका मऊ करायचा, 'र' गिळायचा, वाक्याचे शेपूट वर उचलायचे. शुक्रवारी संध्याकाळी वर्गातल्या सगळ्यांबरोबर पबमध्ये संत्र्याच्या रसाचा ग्लास धरून उभे राहायचे, आणि विनोद कळो न कळो, इतरांच्या मागून हसायचे. त्या हसण्यातच आदिनाथचा 'ॲडी' झाला. खोलीवर परतल्यावर त्याचा जबडा दुखत असे.

तिथल्या पहिल्या सादरीकरणात त्याने एकेक वाक्य तीन-तीनदा सांगितले होते, कारण समोरून कोणी 'हं' म्हणेना. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या त्याच्या घराण्यात सांगणारा एक असे आणि हुंकार देणारा एक. टाळाविना अभंग जसा उघडा पडावा, तशी हुंकाराविना गोष्ट उघडी पडे. हुंकार थांबला की सांगणारा समजून घेई, ऐकणाऱ्याला आता नको आहे. आणि मुकाट्याने गप्प होई. आदिनाथ प्राध्यापकांच्या व्याख्यानालाही भक्तिभावाने हुंकार देत राहिला, तेव्हा शेजारच्या मुलीने हळूच विचारले, "तुला कुठे जायची घाई आहे का?" तिकडे सारखे 'हं, हं' म्हणजे 'लवकर आटपा'. त्या दिवसापासून त्याने ओठ मिटले. मिटलेल्या ओठांनी ऐकणे त्याच्या इतके अंगवळणी पडले की, आपण काही सोडले आहे, हेही तो विसरला.

सतराव्या दिवशीही खंडेराव अर्ध्यावर उठून नळावर गेले, तेव्हा चुलीपुढून यावे तशी गरम झालेली त्याची आई, शीला, स्वयंपाकघरातून आली.

"भिताडाला सांगितलं असतं तर त्यानं बी एखादा हुंकार दिला असता! बापाचा जीव तुटतो सांगायला, अन् तू साहेबावाणी टकामका बघत बसतो."

"माय, मी ऐकतोच आहे ना!"

"मंग ते त्यांनला कसं कळावं? चिठ्ठी लिव्हणार हायेस का?"

आदिनाथचे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खंडेराव टेकून बसले. "औंदा आपण कन्नडच्या घाटाखाली उतरलो व्हतो..."

"हं?"

हुंकार निघाला, पण तोही तिकडचाच. शेपूट वर उचललेला.

"काय इचारतो?" खंडेराव दचकले.

"काय नाय, आबा. सांगा तुमी."

"उतरलो व्हतो. सकाळची येळ व्हती."

"हं." या वेळी तो पोटातून आला.

खंडेरावांनी तंबाखूची पुडी बाजूला ठेवली. "माझ्या समोरून लांडग्यानं दोन कोकरं नेली. मला वाटलं, आपलंच कुत्रं हाय."

"हं."

"डोळ्यानं दिसंना रे, लेका. कोणाला बोललो नाय. मंग समदी मेंढरं तुझ्या सोनाजीमामाच्या हवाली केली. जाताना एक मेंढी मागं बघून वरडत व्हती. कोणती, ते बी वळखू आलं नाय."

"हं."

"तू तिकडं मेंढरांचंच शिकाया गेला. अन् हितं मेंढरंच नाय. कसं सांगावं तुला?"

 आदिनाथने याही वेळी हुंकार चुकवला नाही. कोणाचे दुःख पुसता आले नाही, तरी त्याच्या शब्दाला आपला शब्द टेकवता येतो. देवाघरी तीही सेवाच. त्याने वडिलांचा खरखरीत हात हाती घेतला. म्हणाला, "उद्या सकाळी डोळ्याच्या डाक्टरकडं जायचं. मी संगं येतो."

"जाऊ," खंडेराव म्हणाले. कितीतरी महिन्यांचे ओझे उतरल्यासारखे त्यांचे खांदे सैल पडले. "आता तुझं सांग. तिकडं कसं हाय?"

फोनवर तो नेहमी 'मस्त' म्हणत असे. तो शब्द आज जिभेवर येईना. दुसरा कुठून आणावा तेही सुचेना. शीला दाराशी येऊन बसली. 

खंडेरावांनी डोळे मिटले, मान किंचित पुढे केली, आणि लेकाने तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "हं."