डॉक्टरीणबाईंच्या गच्चीवरचा हीट पंप

मशीन एकदा बसवलं की ते जागचं हलत नाही, पण त्याच्या गोष्टी काही एका जागी बसत नाहीत. दस्तगीरभाई घरी आले आणि "बिराजदारसाब, वो याद है?" म्हणाले की माझी बायको न सांगता चहाचं आधण ठेवते. तिला माहीत आहे, आता हे दोघं लवकर उठत नाहीत. आम्ही सोलापुरात थिएटरात गार हवेची मशिनं बसवली, बँकेत बसवली, एका सराफाच्या पेढीतही बसवली. पण किस्से म्हणाल तर सगळ्यात जास्त एकाच मशीनचे. पूर्व भागातल्या प्रसूतिगृहाच्या गच्चीवरच्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो आणि दस्तगीरभाई आमचे मेकॅनिक. प्रसूतिगृह ज्यांचं होतं त्यांना अख्खं गाव डॉक्टरीणबाईच म्हणायचं. अपुऱ्या दिवसांची बाळं आणि त्यांच्या आया यांच्यासाठी त्यांना एक खोली करायची होती. सोलापूरचा मे महिना बाळाला भाजून काढतो आणि थंडीतली पहाट गारठवते. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारं एकच मशीन निघालंय, असं बाईंनी कुठंतरी वाचलं आणि आमच्या मालकांना धरलं. सगळा कारभार एकाच पेटीत. कपाटाएवढी ती पेटी गच्चीवर ठेवायची आणि पत्र्याच्या डक्टमधून हवा खाली खोलीत सोडायची. नाव, पॅकेज्ड हीट पंप. मी स्वतः असलं मशीन तोवर फक्त चित्रात बघितलं होतं.

*

पेटी ट्रकनं आली, पण ट्रक बोळात शिरेना. मग ती हातगाडीवर घेतली आणि आम्ही ढकलत निघालो. अर्ध्या बोळात गेलो तर पुढं रस्ता बंद. त्या भागात अजून काही घरी हातमाग होते. एका घरच्यांनी सुताचा ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधला होता आणि त्याला खळ लावायचं काम चाललं होतं. ओलं सूत मधेच सोडलं तर सगळं वाया जातं.

घरातली म्हातारी "आगंडी, आगंडी" म्हणत हात आडवे करून पुढं आली. तेलुगू येत नसलं तरी थांबा म्हणतेय एवढं कळलं. दस्तगीरभाईंनी तिला समजावलं की हे दवाखान्याचं काम आहे, बाळंतिणींचं आहे, अडवू नका. म्हातारी विचारात पडली. तिनं पेटीभोवती एक चक्कर मारली, वरच्या लाकडी खोक्याच्या फळीवर टकटक केली आणि मराठीत विचारलं, "ह्याच्यात बाळंतीण हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बसा."

बसलो. बाळंतीण असती तर सगळ्यांनी मिळून ताणा काठ्यांवर उचलून धरला असता, असं तिनंच नंतर चहा देताना सांगितलं. सूत वाळेपर्यंत हीट पंप त्या बोळात उन्हात उभा होता आणि एक शेळी त्याच्या सावलीला.

*

पेटीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव छापलेलं होतं. ती दवाखान्याच्या दारात उतरली तेव्हा शेजारच्या एका मास्तरांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. त्यातला "हीट" कुणाच्या लक्षात राहिला नाही. "पंप" मात्र राहिला.

बाहत्तरचा दुष्काळ सरला होता, पण पाण्याची धास्ती कुणाच्या मनातून गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर फाटकापासून बोळाच्या तोंडापर्यंत घागरी, हंडे आणि डालड्याचे डबे रांगेत मांडलेले. दवाखान्यातली सगळ्यात जुनी आया म्हणजे हौसाबाई. मूळची वैरागची, आणि तिच्या आवाजाला डॉक्टरीणबाईसुद्धा दबकून असायच्या. ती पायरीवर उभी राहून बायकांना समजावत होती, "बायांनो, ह्यो पान्याचा पंप न्हाय. वाऱ्याचा हाय."

रांगेत पहिला नंबर एका म्हातारीचा होता. तिनं घागर उचलून कमरेवर घेतली.

"वारं काय कमी हाय व्हय सोलापुरात?" ती म्हणाली. "पानी आना की!"

*

डक्ट खाली न्यायला स्लॅबला भोक पाडायचं होतं. गवंडी अक्कलकोटकडचा होता, छिन्नी-हातोडा घेऊन गच्चीवर बसला. पण बरोबर त्याच दिवशी खाली एका पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला की कळ आली की हातोडा थांबवायचा, कळ ओसरली की मारायचा.

मग हौसाबाई जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली. आतून खूण झाली की ती ओरडायची, "थांबा, आली!" गवंडी हात वर तसाच धरून थांबायचा. "हं, गेली!" की ठाण ठाण सुरू. कळा जसजशा जवळ यायला लागल्या तसतसं आमचं काम मागं पडायला लागलं. शेवटी शेवटी तर गवंडी छिन्नी टेकवायचा तेवढ्यात "थांबा" यायचं. तो बिचारा आमच्याइतकाच घामानं निथळत होता. मधेच कानडीत देवाचं नाव घ्यायचा, ते स्लॅबसाठी की त्या पोरीसाठी, कोण जाणे.

तिचा नवरा जिन्यात बसला होता. आत जायची सोय नाही, बाहेर जाववत नाही. त्याचं सगळं लक्ष आवाजाकडं. आणि मग एका घावासरशी स्लॅबचा शेवटचा तुकडा खाली पडला, धुरळा उडाला आणि गवंड्यानं मोठा सुस्कारा टाकला, "झालं बाबा!"

नवरा धडपडत चार पायऱ्या वर आला. "काय झालं?"

"भोक पडलं की."

तो पुढं काही विचारणार तेवढ्यात खालून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि पाठोपाठ हौसाबाईचा आवाज, "पोरगी!" त्या माणसानं गच्चीवर येऊन पहिली मिठी गवंड्याला मारली. पेढेही पहिल्यांदा त्यालाच.

*

एप्रिलात मशीन सुरू झालं आणि आठवड्यात तक्रार आली की खोली गार होत नाही. आम्ही गेलो. मशीन न थांबता चालू, तरी खोलीत उकडतंय. गॅस बघितला, पंखा बघितला, डक्ट कुठं फुटलाय का बघितलं. सगळं ठीक. खाटांवरच्या बाळंतिणी कानाला रुमाल बांधून, गळ्यापर्यंत चादरी ओढून आमच्याकडं बघत होत्या. प्रत्येकीच्या उशाशी एकेक सासू नाहीतर आई, हाताची घडी घालून.

मी लिहायला पेन काढलं, त्याचं टोपण पडून खाटेखाली गेलं. ते घ्यायला वाकलो तर समोर लालभडक निखारे. खाटेखाली शेगडी होती. एका नाही, सगळ्या खाटांखाली. चादरी जमिनीपर्यंत लोंबत्या सोडून झाकलेल्या.

डॉक्टरीणबाई आल्या. शेगड्यांच्या धुरावरून त्या इतकी वर्षं सगळ्यांशी भांडत होत्या, आता काही खरं नाही असं मला वाटलं. पण त्या स्टूल ओढून बसल्या आणि एका सासूला विचारलं की तुम्हाला नेमकं काय टोचतंय. सासूनं वर बोट दाखवलं. हवेच्या जाळीला दस्तगीरभाईंनी लाल फीत बांधली होती. हवा येतेय हे दिसावं म्हणून आम्ही सगळीकडंच बांधायचो. ती फीत फडफड करत होती.

"बघा की, कसलं वारं सुटलंय," सासू म्हणाली. "बाळंतिनीला बादंल की न्हाय?"

बाईंनी दस्तगीरभाईंकडं बघितलं. ते खाटेच्या कडेवर चढले आणि फीत सोडून खिशात घातली. मशीनला कुणी हात लावला नाही.

सासूनं थोडा वेळ जाळीकडं निरखून बघितलं. "हां," ती म्हणाली, "आता बंद झालं." आणि वाकून स्वतःच्या हातानं शेगडी बाहेर नेली.

*

त्याच उन्हाळ्यातला छोटा किस्सा. खोलीच्या दाराखालच्या फटीतून गार हवा यायची. भर दुपारी एक माणूस त्या फटीला पाठ लावून व्हरांड्यात डोळे मिटून बसलेला बाईंना दिसला. कुणाचे नातेवाईक, म्हणून त्यांनी विचारलं.

"कुनाचाच न्हाय," तो डोळे न उघडता म्हणाला. "नातेपुत्याची यष्टी चारला हाय."

बाई हौसाबाईला म्हणाल्या, "चारच्या आधी उठवा हो यांना."

*

हौसाबाईचं आणि मशीनचं सुरुवातीला फार जमलं. उन्हाळ्यात मशीन आतली उष्णता गच्चीवर बाहेर फेकायचं, भट्टीसारखी. हौसाबाईनं त्याच्या तोंडासमोर दोरी बांधली आणि बाळांची दुपटी, लंगोट वाळत घालायला लागली. पान खाऊन होईपर्यंत कपडे कडक. फक्त कपड्यांनी हवा अडली की मशीन बंद पडायचं, मग आम्ही जायचो, दोरी चार हात लांब बांधायचो, ती पुन्हा जवळ बांधायची. असा सगळा उन्हाळा गेला.

थंडी आली तशी आम्ही जाऊन मशीन गरमवर लावलं. दोन दिवसांनी हौसाबाईचा निरोप आला की मशीन बिघडलं, ताबडतोब या. खोलीत गेलो तर छान ऊबदार. मी म्हटलं, बिघडलंय कुठं? ती मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली. दोरीवर दुपटी तशीच ओली, आणि हात लावला तर बर्फासारखी गार. उन्हाळ्यात गरम फेकणारं तोंड आता गार हवा फेकत होतं.

मी तिला सांगितलं की मशीनचं काम आता उलटं झालंय. बाहेरच्या हवेत जी काही ऊब असते ती ते ओढून घेतं आणि खाली खोलीत सोडतं, म्हणून बाहेर गारठा.

हौसाबाईनं ओलं दुपटं पिळता पिळता विचार केला. "म्हंजे, गावाची ऊब चोरायची आन खाली न्यायची?"

"तसंच म्हणा."

"कुनासाठी, तर बाळांसाठी."

"हो."

"मग पाप न्हाय," ती म्हणाली, आणि दोरी सोडून उन्हात नेऊन बांधली.

*

आणि हा दस्तगीरभाई नेहमी शेवटी सांगतात तो. तेव्हा मीही तिथं होतो.

संक्रांतीच्या आसपास कुंभारी गावची एक पोर बाळंत झाली, दिवस भरायच्या बरीच आधी. तिचं पहिलं बाळ गेलेलं होतं. हे दुसरं, मुलगा, एवढासा, की हौसाबाईनं त्याला उचललं तेव्हा तिच्या दोन तळव्यांत मावला. आईला ताप भरला म्हणून तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, आणि बाळ मशीनच्या खोलीत आजीजवळ. तानूबाई नाव त्या आजीचं, पोरीची आई. काळी, काटक, शेतात राबलेली बाई. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं की मी माझं सगळं करीन, पण भरवसा देत नाही. तानूबाईनं मान हलवली. बाळ पदराखाली छातीशी धरलं, वरून घोंगडी घेतली आणि जाळीखाली भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

बाईंनी आम्हाला बजावलं होतं की काहीही होवो, मशीन बंद पडता कामा नये. त्यामुळं दस्तगीरभाई रोज सकाळी जाऊन बघायचे. मला म्हणायचे, पहिली थंडी आहे मशीनची, लक्ष ठेवायला हवं. पण गच्चीवर जायच्या आधी ते दारात उभं राहून तानूबाईकडं बघायचे. ती नुसती मान हलवायची. म्हणजे आहे.

खोली पुरेशी गरम झाली की मशीन आपोआप थांबायचं आणि थोड्या वेळानं परत सुरू व्हायचं. ते थांबलं की तानूबाई डोळे उघडून वर बघायची. पुन्हा घरघर सुरू झाली की मगच मिटायची. एकदा तिनं विचारलं, "त्ये मधी मधी का थांबतंय?"

दस्तगीरभाईंना मराठीत थर्मोस्टॅट सांगता येईना. "दम घेतंय, आज्जी," ते म्हणाले.

"घेऊ दे," ती म्हणाली.

बाळ आधी कापसाच्या बोळ्यानं दूध घ्यायचं. मग चमच्यानं. मग एका दुपारी त्यानं असा काही सूर लावला की फाटकावरचा रिक्षावाला आत डोकावून गेला. पोरीचा ताप उतरला, तिनं बाळाला अंगावर घेतलं, आणि बाळानं घट्ट धरलं. हौसाबाई पदराला डोळे पुसत सगळ्यांवर ओरडत हिंडत होती. डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, घेऊन जा घरी.

निघायच्या दिवशी भर दुपार होती, बाहेर चांगलं ऊन. खोलीत दुसरं बाळ नव्हतं. लेक बाळाला घेऊन पुढं गेली. तानूबाईनं घोंगडीची घडी घातली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. दस्तगीरभाई आणि मी तिथंच उभे होतो. तिनं वर जाळीकडं बघितलं.

"आता त्येला जरा निजू द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्यासंगं लई जागलंय त्ये."

ती गेली. दस्तगीरभाई माझ्याकडं न बघता जिना चढून गच्चीवर गेले. घरघर थांबली. ते खाली आले आणि दाराशी उभे राहिले.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. आत पाऊल टाकलं तोच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वर बघितलं.

"मशीन का बंद आहे? काय झालं?"

"कुछ नै हुआ, बाई," दस्तगीरभाई म्हणाले. "सोया है."

बाईंनी जाळीखालच्या तानूबाईच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. मग मागं सरकल्या आणि आवाज न करता त्यांनी दार ओढून घेतलं.