मोहाच्या वाटेवरचे दगड

गोऱ्या साहेबाच्या अमदानीत शहापूरजवळ आम्हा पोलिसांच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, एक जमादार होते. ‘घाई नाय’ हे त्यांचं पालुपद. समोरच्या टेकाडामागे मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या बायका त्यांच्यापाशी एकेक दगड ठेवत आणि परतताना उचलत. एक जरी दगड शिल्लक असला, तरी ते कुणाला बंदूक भरू देत नसत.

एकदा एक दगड तसाच राहिला. सराव खोळंबला, तसे आमचे साहेब तडकले.

“घाई नाय, सायेब.”

दुपारपर्यंत आम्ही रान धुंडाळलं. दगड ठेवणारी म्हातारी आडवाटेने केव्हाच घरी गेली होती! दुसऱ्या दिवशी ती बावरून आली, तर जमादार म्हणाले, “दगड ऱ्हायला त चालंल गो, मानूस ऱ्हायला नको.”

आता चांदमारी नाही, जमादारही नाहीत. मोहाचा वास आला की माझी नजर मात्र अजून जमिनीकडे जाते, एखादा दगड राहिलाय का बघायला.